सहीपुरता पालक

मुलगी चौथीत होती तेव्हाची गोष्ट. शाळेचा 'ओपन डे' होता. शनिवारची सकाळ, व्हरांड्यात पालकांची रांग, आत बाईंसमोर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. पटावर पन्नासच्या वर मुलं आणि बाईंच्या हातात तीन तास, म्हणजे एकाच्या वाट्याला जेमतेम साडेतीन मिनिटं. बाईंनी गणिताचा पेपर काढला. हातच्याच्या वजाबाकीत तीन ठिकाणी लाल गोल होते. "घरी जरा बघा हिच्याकडे." मी मान हलवली. "इथे सही करा." मी सही केली आणि बाहेर आलो.

मुलगी हातचा घेताना नेमकी कुठे अडकते, हे बाईंना ठाऊक होतं. गेले दोन महिने रविवारी रात्री तिच्या पोटात दुखायला लागतं आणि सोमवारची सुट्टी असली की दुखत नाही, हे मला ठाऊक होतं. या दोन गोष्टी एका टेबलाच्या दोन बाजूंना बसल्या आणि एकमेकींची ओळखही न होता उठून गेल्या. मागे राहिली ती सही.

पालक आणि शिक्षकांनी मिळून काम करावं यावर दुमत कुणाचंच नाही. शिक्षणाधिकाऱ्यांपासून गॅदरिंगच्या प्रमुख पाहुण्यांपर्यंत सगळे तेच सांगतात. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मिळून करायचं म्हणजे नेमकं काय, त्यातल्या कशाने मुलाला खरंच वाचायला आणि हिशोब करायला येतं, आणि कशाने नुसतं रजिस्टर भरतं? यावर आपल्याकडे आणि बाहेर बरंच पाहून झालेलं आहे. ते एकत्र मांडून बघण्यासारखं आहे.

सुरुवात दंडापासून करावी लागते. सयाजीराव गायकवाडांनी बडोदे संस्थानात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. तेव्हाचा रुपया म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई. पिढ्यानपिढ्या ज्यांना शाळेचा उंबरा ओलांडू दिला नव्हता त्यांची मुलं आत आणायची, तर अशी सक्ती लागणारच होती. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सरकार आणि पालक यांची पहिली ओळख कसूरदार म्हणून झाली, आणि त्या ओळखीचा वास शाळेच्या भिंतींना अजून आहे. पालकाला शाळेतून निरोप आला की आजही त्याच्या तोंडून पहिलं वाक्य येतं, "काय केलं त्याने?"

दुसरी वाटही होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा मुलं बालवाडीत येईनात. धाकट्या भावंडाला सांभाळायचं कुणी, गुरं राखायची कुणी, हा घरचा हिशोब होता. त्यांनी पालकांना नावं ठेवली नाहीत. बालवाडी उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि गुराख्या पोरांसाठी शाळा कुरणात भरवली. तिचं नावच 'कुरणशाळा'. घरची अडचण आधी समजून घ्यायची आणि शाळेचा आकार तिच्याप्रमाणे बदलायचा, ही रीत महाराष्ट्रात आधीपासून आहे. ती सरकारी परिपत्रकात कधी नीट उतरली नाही, एवढंच.

परिपत्रकं आणि कायदे मात्र पुष्कळ झाले. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. त्याच्या २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती आणली: तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया. आपल्याकडे अध्यक्ष पालकांतला आणि मुख्याध्यापक सदस्य-सचिव. २२ व्या कलमानुसार शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा. कागदावर पाहिलं तर गावातल्या कुठल्याही आईला शाळेचा कारभार विचारण्याचा अधिकार मिळाला, आणि ही साधी गोष्ट नव्हे.

समितीची बैठक मी पाहिली आहे. वार मंगळवार, वेळ सकाळी अकरा. ज्यांची मुलं त्या शाळेत आहेत ती माणसं त्या वेळी कापूस वेचत असतात नाहीतर दुसऱ्याच्या बांधावर असतात. बैठकीला यायचं तर दिवसाची मजुरी बुडते. चार जण आले. विषय वाचले गेले: पोषण आहाराचा तांदूळ, शौचालयाचं दार, गणवेश, आलेल्या अनुदानाचा खर्च. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. मग इतिवृत्ताची वही एका पोराच्या हाती देऊन घरोघर पाठवली आणि ती संध्याकाळी सह्या घेऊन परत आली. एका बाईंनी चुलीपुढून उठून, हात पदराला पुसून, वाकून सही केली आणि कशावर केली ते विचारलं नाही. मुख्याध्यापकांना दोष देण्यात अर्थ नव्हता. वही भरलेली नसली तर नोटीस त्यांनाच येणार होती. बैठकीत मुलांच्या वाचनाचा विषय निघाला नाही. तो कार्यक्रमपत्रिकेवरच नव्हता.

असा अनुभव एकट्या महाराष्ट्राचा नाही. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्रथम' संस्थेबरोबर २८० गावांत एक प्रयोग केला. तिथे तेव्हा ग्राम शिक्षण समित्या होत्या. समितीचे काही सदस्य तर असे निघाले, की आपण सदस्य आहोत हेच त्यांना माहीत नव्हतं. काही गावांत सभा घेऊन लोकांना समितीचे अधिकार समजावून सांगितले. काही गावांत त्याच्या जोडीला मुलांचं वाचन तपासायची सोपी चाचणी शिकवली आणि गावाने आपल्या मुलांचा निकाल आपणच काढला. तिसऱ्या गटात आणखी एक भर घातली: गावातल्याच तरुणांना वाचन शिकवण्याचं छोटं प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी वाचनवर्ग चालवले. पहिल्या दोन गटांत काहीही हललं नाही. समिती जागी झाली नाही, पालक शाळेत जायला लागले नाहीत, मुलांचं वाचन होतं तिथेच राहिलं. तिसऱ्या गटातही समिती तशीच निजलेली राहिली, पण जी मुलं वाचनवर्गांना गेली ती वाचायला लागली.

मला हा निकाल फार बोलका वाटतो. लोकांना फिकीर नाही, असा त्याचा अर्थ काढणारे काढतात. मग वाचनवर्ग चालवायला उठलेले तरुण आले कुठून? लोकांना हाताला धरता येईल असं काम दिलं तेव्हा त्यांनी ते केलं. 'शाळेवर देखरेख ठेवा' हे काम हाताला लागत नाही. शिकलेल्या माणसालाही लागत नाही.

माहिती कशी द्यावी यानेही फरक पडतो. पाकिस्तानी पंजाबातल्या ११२ गावांत ताहिर अंद्राबी, जिष्णू दास आणि आसिम ख्वाजा यांनी २००४ मध्ये निम्म्या गावांतल्या पालकांच्या हातात मुलाचा निकाल दिला, आणि त्याबरोबर गावातल्या सगळ्या शाळांचेही निकाल दिले. त्या गावांतल्या मुलांचे गुण वाढले आणि खासगी शाळांची फी १७ टक्क्यांनी उतरली. तिथे एका गावात अनेक शाळा होत्या, पालकाला तुलना करता आली, हे विसरून चालणार नाही. दुर्गम पाड्यावर एकच शाळा असेल तर तुलना करणार कशाशी? म्हणून हा धडा मुंबई-पुण्याला जास्त लागू पडतो. आपल्याकडे मात्र फीच्या प्रश्नासाठी वेगळा कायदा आला, २०११ चा शुल्क विनियमनाचा. त्याने खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ बंधनकारक केला आणि त्याच्या कार्यकारी समितीला शुल्काच्या निर्णयात स्थान दिलं. हवंच होतं ते. पण त्यामुळे अनेक शाळांत पालक-शिक्षक संघ म्हटलं की फीचं भांडण एवढाच अर्थ उरला आहे. ज्यांच्याशी कागदपत्रांवरून वाद चालू आहे त्यांच्यासमोर मुलीच्या पोटदुखीचा विषय कोण काढणार?

आता घराकडे वळू. "घरी अभ्यास घ्या" हा शाळेचा सर्वांत लाडका सल्ला. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ मध्ये अमेरिकेतले पन्नास अभ्यास एकत्र करून पाहिलं. प्राथमिकच्या पुढच्या वर्गांत, म्हणजे साधारण सहावी ते आठवीत, पालकांच्या कुठल्या सहभागाचा मुलांच्या गुणांशी मेळ बसतो? गृहपाठात मदत करण्याचा बसत नव्हता, उलटच दिसत होता. जे मूल मागे पडतं त्याच्याच मागे आई-बाप वही घेऊन बसतात, हेही त्यामागचं एक कारण असू शकतं. सर्वांत घट्ट संबंध दिसला तो शिक्षणाविषयी घरात होणाऱ्या बोलण्याशी: पुढे काय व्हायचंय, शिकायचं कशासाठी.

आपल्याकडे गृहपाठाचा गुंता भाषेने आणखी वाढवलाय. पोराला इंग्रजी माध्यमात घातलं, निदान सेमी इंग्रजीत तरी. पोर पाचवी-सहावीत आलं की आई विज्ञानाचं पुस्तक उघडते आणि मिटते. जी आई बाजारात चार भाज्यांचा हिशोब तोंडी करते, जिला पाऊस कुठल्या नक्षत्रात पडला की कुठलं पीक साधतं हे कळतं, ती स्वयंपाकघरातून म्हणते, "मला नाही बाई यातलं काही कळत, ट्यूशनला विचार." घरातलं सगळं ज्ञान त्या एका वाक्याने बाद होतं. मूलही ते ऐकतं आणि त्याचाही समज होतो, की आईला काही येत नाही. या विषयावर बोलताना आपण माध्यमाचा वाद घालतो, पण आईची जागा गेली याचा हिशोब कुणी धरत नाही.

न शिकलेल्या आईला काय करता येईल, याचेही प्रयोग झाले आहेत. बिहार आणि राजस्थानातल्या ४८० गावांत रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी आणि मार्क शॉटलंड यांनी काही गावांत आयांचे साक्षरता वर्ग चालवले, काही गावांत घरी जाऊन आईला मुलाबरोबर करण्याच्या छोट्या कृती दाखवल्या, काही ठिकाणी दोन्ही केलं. मुलांच्या गणितात सुधारणा झाली, पण अगदी थोडी. खोटं बोलायचं कारण नाही: आईने हात लावला की सोनं होतं, असं पुराव्यात दिसत नाही.

महाराष्ट्रात २०२२ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात, 'पहिले पाऊल' नावाने. नोंदणीपासून सुरुवात करून मूल एकेका टेबलावर जातं: उड्या मार, रंग ओळख, चित्राबद्दल बोल, खडे मोज. आई शेजारी उभी असते. वस्तीवरच्या आयांचा गट करून त्यांना आठवड्याला एखादी कृती सांगायची, अशी ही योजना. मला त्यातलं आवडतं ते आईच्या हाती दिलेलं काम. चपला जोडीने लाव. डाळीतले खडे निवडून दहा-दहाचे ढीग कर. पोळ्या मोज. यासाठी सही लागत नाही, इंग्रजीही लागत नाही. आणि चुकून का होईना, आई शाळेच्या आवारात तक्रार ऐकायला सोडून दुसऱ्या कशासाठी तरी येते.

गावाने मिळून करायच्या गोष्टीचं एक उदाहरण सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. करोनात शाळा बंद होत्या तेव्हा मुलांच्या हाती मोबाइल आले आणि शाळा उघडल्यावरही ते सुटेनात. शिक्षकांनी गाऱ्हाणं मांडलं. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावातल्या बायकांची सभा झाली आणि ठरलं: रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल, साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद. सुरुवातीला लोक हसले. मग ग्रामपंचायतीची माणसं, अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले. या कल्पनेचं मर्म माझ्या मते भोंग्यात नाही, सगळ्यांच्या टीव्हीत आहे. एकट्या आईने मालिका बंद केली तर शेजारच्या घरातून तीच ऐकू येते. सगळ्या गावाची बंद झाली की पोराशी भांडावं लागत नाही. शिक्षकाला वर्गातून हे साधलं नसतं, आईला एकटीला घरातून साधलं नसतं. त्या दीड तासात किती अभ्यास होतो आणि किती नुसती पानं उलटली जातात हे मोजायला हवं, ते वेगळं.

शिक्षकांची बाजू. कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं आहेत. त्यात पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि त्यांना मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती यांची माहिती द्यावी, असं म्हटलंय. माहिती द्यावी. पालकाकडून घ्यावी, असा शब्द त्या कलमात नाही. २७ वं कलम म्हणतं, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये. कुठल्याही जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना हे कलम वाचून दाखवा आणि त्यांचा चेहरा बघा. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, त्यात पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, मतदारयाद्या. पालकाला भेटायला त्यांच्याकडे वेळ उरतो तो शाळा सुटल्यावरचा, आणि तेव्हा त्यांना तालुक्याची शेवटची एसटी गाठायची असते. बिचारे गावात राहत नाहीत म्हणून गावाचा राग. राहिले तर त्यांची स्वतःची मुलं कुठल्या शाळेत जाणार, हा त्यांच्या बायकोचा प्रश्न.

मग संवाद होतो तो मोबाइलवर. प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप. 'उद्या मुलांना जुने वर्तमानपत्र देणे.' 'आधार कार्डाची झेरॉक्स न दिलेल्यांनी त्वरित देणे.' खाली पालकांचे अंगठे, एकाखाली एक. आजोबांच्या पिढीने शाळेच्या कागदावर अंगठा उठवला, आम्ही सही केली, आता पुन्हा अंगठ्यावर आलो. आणि ज्या मुलाचं नाव ग्रुपवर 'गृहपाठ अपूर्ण'च्या यादीत येतं, त्याची आई ते साठ घरांच्या देखत वाचते.

नुसते निरोप कुचकामी ठरतात हे बोट्स्वानात मोजूनच पाहिलंय. २०२० मध्ये शाळा बंद असताना नोम अँग्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबांत प्रयोग केला. काहींना दर आठवड्याला गणिताचा एसएमएस पाठवला, काहींना एसएमएसबरोबर वीसेक मिनिटांचा फोन केला. फोनच्या एका टोकाला शिकवणारा, दुसऱ्या टोकाला पालक आणि मूल दोघं. नुसत्या एसएमएसने काही झालं नाही. फोनने मुलांचं गणित स्पष्ट सुधारलं, आणि आपलं मूल नेमकं किती पाण्यात आहे याचा पालकांचा अंदाजही सुधारला.

'नेमकं' हा शब्द आपल्या प्रगतिपुस्तकातून हद्दपार आहे. २०१० नंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, गुणांच्या जागी श्रेण्या आल्या आणि शिक्षकाने प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी करायच्या ठरल्या: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तम होती. तीन ओळींत मूल दिसायला हवं होतं. पण चाळीस मुलं, विषय इतके, सत्रं दोन. लवकरच या नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात आल्या आणि मग पीडीएफ फिरू लागल्या. 'स्वाध्याय वेळेवर पूर्ण करतो.' 'कवितेचे गायन तालासुरात करते.' 'अवांतर वाचन वाढवावे.' मी मित्राच्या मुलाचं आणि माझ्या भाच्याचं प्रगतिपुस्तक शेजारी ठेवून पाहिलं. जिल्हे दोन, पोरं दोन टोकांची, वाक्य एकच. 'शब्दातलं जोडाक्षर आलं की थांबतो, आधीचं अक्षर बघून अंदाजाने बोलतो' एवढं कुणी लिहिलं असतं तर कुठल्याही बापाला संध्याकाळी करण्यासारखं काही सापडलं असतं. हे लिहायला कायदा लागत नाही, नवं अ‍ॅप लागत नाही. दर महिन्याला दहाच मुलांबद्दल लिहा आणि बाकीची पुढच्या महिन्यात, एवढी मुभा शिक्षकाला लागते. ती कुणी देत नाही.

या सगळ्या चर्चेत पालक घरी आहे असं आपण धरून चाललोय. बीड, जालना, अहिल्यानगरच्या कितीतरी गावांत दिवाळीच्या आसपास तो घरी नसतो. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या फडावर जातो आणि मार्च-एप्रिलला परततो. अशा मुलांसाठी पूर्वी कारखान्यांवर साखरशाळा चालल्या. पुढे मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आलं. आणि मूल गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहं सुरू झाली. नावाला वसतिगृह; मुलं आजीकडे राहतात, शाळेत जेवतात. इथे पालकसभेला आजी येते. तिला दिसत कमी असतं, ऐकू त्याहून कमी येतं, आणि तिच्यासमोर सहीचा कागद ठेवला जातो.

अशाच एका गावात एका गुरुजींना मी विचारलं, पालकांशी बोलणं कसं होतं? ते म्हणाले, रात्री आठनंतर. त्याआधी फडावरून कोपीवर, म्हणजे झोपडीवर, माणसं येत नाहीत. आम्ही बोलत होतो तेव्हाच त्यांनी एक नंबर लावला. तिसरीतली पोरगी शेजारी येऊन उभी राहिली. पलीकडून आईचा आवाज आला, मागे ट्रॅक्टर आणि कुत्री. जेवलीस का, आजीला त्रास देऊ नको, केस विंचरतेस का. मग गुरुजी म्हणाले, "ताई, फोन ठेवू नका, ती वाचून दाखवतीय." पोरीने मराठीचं पुस्तक उघडलं आणि एका धड्याचा परिच्छेद वाचायला घेतला. दोनदा अडखळली, एकदा मागे जाऊन शब्द पुन्हा जोडला. पलीकडे कुणी काही बोलत नव्हतं. परिच्छेद संपल्यावर आई म्हणाली, "अजून वाच." मग थोडं थांबून, "गुरुजी, ती विचारलं तर पहिल्यासारखी पटकन बोलत नाही. कान दुखतोय का बघा तिचा. गेल्या हंगामात फुटला होता."

गुरुजींनी खिशातून पेन काढलं आणि तळहातावर लिहिलं: कान, डावा का उजवा विचारणे.